‘हा आयोगच घटनाबाह्य आहे!’ असं म्हणण्याआधी

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि कारभार

या वेळी खान्देशातून आलेली बरीचशी पत्रं एकाच मुद्द्यावर आहेत. वीज आयोग, अन्न प्राधिकरण, प्रदूषण मंडळ, रेरा (घरबांधणी क्षेत्राचं नियामक प्राधिकरण), भूजल प्राधिकरण यांपैकी कुणाची तरी नोटीस किंवा आदेश हाती पडला आहे. वकिलानं, शेजारच्या कारखानदारानं किंवा मोबाइलवरच्या एखाद्या संदेशानं सांगितलंय की ही संस्थाच राज्यघटनेत बसत नाही, सबब आदेश मानायची गरज नाही.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ वाया जातो. तुमच्या हातातला कागद नेमका काय आहे ते आधी ओळखा. संसदेनं किंवा विधिमंडळानं केलेला तो अधिनियम. त्याखाली संस्थेनं राजपत्रात छापून काढलेला तो विनियम. संस्थेनं नुसतं पत्र काढून कळवलेलं ते परिपत्रक किंवा मार्गदर्शक सूचना. आणि तुमचं नाव घालून काढलेला तो आदेश. या चारही गोष्टींना आव्हान देण्याचा दरवाजा वेगळा आहे, मुदत वेगळी आहे आणि जिंकण्याची शक्यताही वेगळी आहे. दरवाजा चुकला की मुद्दा कितीही खरा असला तरी तो ऐकलाच जात नाही.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझा प्लास्टिक चटईचा छोटा कारखाना आहे. वीज नियामक आयोग न्यायालयासारखा निवाडा करतो, पण त्याच्या अध्यक्षपदी न्यायाधीश नसतो. म्हणजे आयोगाची रचनाच बेकायदा, दरवाढही बेकायदा. वाढीव बिल भरायचं थांबवलं तर चालेल का?

बिल थांबवू नका. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो, आणि तुटल्यावर एक्स्ट्रूडर बंद राहील त्या दिवसांचं नुकसान कुठलाच निकाल भरून देणार नाही. त्याच कलमात, परंतुक म्हणजे अपवाद म्हणून, वाट ठेवलेली आहे. वाद चालू असताना मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारं दरमहाचं बिल, यांपैकी जी कमी असेल ती ‘हक्क राखून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. भरताना सोबत पत्र द्या. त्यात ‘कलम ५६(१) च्या परंतुकानुसार, हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द असूद्या आणि पत्रावर पोच घ्या. ऑनलाइन भरून मोकळं झालात आणि पत्र दिलं नाही, तर ‘राजीखुशीनं भरलं’ असं समोरचा म्हणतो.

आता रचनेचा मुद्दा. तो पोकळ नाही, पण त्यावर निकाल लागून गेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं १२ एप्रिल २०१८ रोजी गुजरात सरकार विरुद्ध युटिलिटी युजर्स वेल्फेअर असोसिएशन या प्रकरणात कलम ८४(२) चा अर्थ लावला. अध्यक्ष न्यायाधीशच असला पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. राज्य सरकार न्यायाधीश नेमू शकतं, एवढंच. पण आयोग निवाड्याचं काम करतो, म्हणून त्यात कायद्याचा किमान एक सदस्य असलाच पाहिजे, असं न्यायालयानं बजावलं. हा सदस्य न्यायिक पदावर असलेला किंवा पूर्वी राहिलेला हवा, नाहीतर उच्च न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायाधीश होण्याची पात्रता आणि वकिलीचा भरीव अनुभव असलेला हवा. असा सदस्य नसेल तर पुढची रिकामी होणारी जागा त्यानंच भरायची. हा नियम पुढच्या काळासाठी लावला गेला. आधीचे आदेश त्यामुळे कोसळले नाहीत.

तसे ते सहसा कोसळतही नाहीत. याच अधिनियमाच्या कलम ९३ मध्ये म्हटलंय की जागा रिकामी आहे किंवा रचनेत दोष आहे एवढ्याच कारणावरून आयोगाचं कामकाज रद्द ठरणार नाही. शिवाय १९८१ मध्ये गोकराजू रंगराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की नेमणूक नंतर सदोष ठरली, तरी पदावर बसून दिलेले निवाडे टिकतात. मग हा आक्षेप निरुपयोगी का? नाही, पण वेळेवर घेतला तरच. पहिल्याच तारखेला लेखी प्राथमिक आक्षेप म्हणून द्या आणि त्याची नोंद रोजनाम्यात (सुनावणीच्या दिवसवार नोंदीत) आली का ते बघा. निकाल विरोधात गेल्यावर हा मुद्दा काढला, तर ‘इतके दिवस गप्प का बसलात?’ याला उत्तर नसतं.

दर जास्त वाटत असतील तर मुद्दा रचनेचा नाही, आदेशाचा आहे. दर ठरवणाऱ्या आदेशावर विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात अपील होतं, मुदत ४५ दिवस. तिथे हे मुद्दे चालतात : कलम ६४ प्रमाणे जाहीर सूचना नीट निघाली का, हरकती विचारात घेतल्या का, आदेशात कारणं आहेत का. तुमचं बिल चुकीच्या वर्गवारीत लावलं असेल, तर तो दराचा वादच नाही. वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचात जा. आणि मूळ विनियमच अधिनियमाच्या बाहेर जात असेल, तर अपिलीय न्यायाधिकरण काही करू शकत नाही. पीटीसी इंडिया प्रकरणात घटनापीठानं मार्च २०१० मध्ये हे पक्कं केलं आहे. विनियम हा दुय्यम कायदा असतो, त्याची वैधता फक्त उच्च न्यायालय तपासतं. दूरसंचार क्षेत्रातही तेच : ट्राय या दूरसंचार नियामकाच्या विनियमाला टीडीसॅट या दूरसंचार अपिलीय न्यायाधिकरणात आव्हान देता येत नाही, असं २०१३ च्या डिसेंबरात बीएसएनएलच्या प्रकरणात ठरलं.

प्रश्न : सावद्याजवळ आमचं केळी पिकवण्याचं चेंबर आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ‘मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे नोंदवही नाही’ म्हणून परवाना निलंबित करतो असं तोंडी सांगितलं आणि केळीचा नमुनाही नेला. पुस्तिका म्हणजे कायदा का? एवढे अधिकार देणारा कायदाच घटनाबाह्य नाही का?

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ घटनाबाह्य आहे, हा मुद्दा घेऊन जाऊ नका. तुमचा पहिला प्रश्न मात्र अगदी मर्मावर आहे.

पुस्तिका कायदा नाही. केळीसाठी बंधनकारक आहे तो २०११ चा विक्री प्रतिबंध आणि निर्बंध विनियम. त्यात कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला साफ मनाई आहे आणि इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) वापरायला परवानगी आहे. तो राजपत्रात आलेला आहे, तो मोडला तर कारवाई होणारच. त्यापलीकडे पुस्तिकेत ज्या चांगल्या सवयी सांगितल्या आहेत (तापमान, आर्द्रता, वायूच्या नोंदी), त्या पाळणं धंद्याच्या भल्याचंच आहे. तरी केवळ पुस्तिकेच्या जोरावर दंड किंवा निलंबन टिकत नाही.

हे आम्ही ठामपणे म्हणतो, कारण याच प्राधिकरणावर हा निकाल आलेला आहे. प्राधिकरणानं मे २०१३ मध्ये एक सल्लापत्र काढून उत्पादनांना आधी मान्यता घेणं सक्तीचं केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये, व्हायटल न्यूट्रास्युटिकल्सच्या याचिकेवर, ते कायद्याचं बळ नसलेलं ठरवलं. कलम ९२ प्रमाणे विनियम करायचा तर केंद्राची पूर्वसंमती हवी, मसुदा आधी प्रसिद्ध व्हायला हवा, मग राजपत्रातली अधिसूचना. यातलं काहीच झालं नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच निकाल कायम ठेवला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं मॅगीवरची बंदी उठवली. तिथेही प्राधिकरणाच्या अस्तित्वाला धक्का लागला नाही. बाजू मांडायची संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल धरले त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या, हे दोन दोष पुरेसे ठरले.

तुमच्या बाबतीत आता हे करा. परवाना निलंबित करण्याआधी कलम ३२ प्रमाणे सुधारणा नोटीस यावी लागते. लेखी, कारणांसह आणि किमान १४ दिवसांची मुदत देऊन. सार्वजनिक आरोग्याला तातडीचा धोका असेल तर लगेच निलंबन होऊ शकतं, पण त्याचीही कारणं लिहून ठेवावी लागतात. तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही. त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र द्या : ‘आज दिनांक अमुक रोजी तपासणीत तोंडी सांगितलेल्या बाबी कोणत्या विनियमाच्या कोणत्या खंडाखाली आहेत ते लेखी कळवावे.’ सुधारणा नोटीस किंवा निलंबन आलंच, तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपिलाला फक्त १५ दिवस आहेत. नोटिशीवरच्या अपिलासाठी नोटिशीतली मुदत त्याआधी संपत असेल तर तीच धरतात.

नमुन्याकडे जास्त लक्ष द्या, कारण खरी लढाई तिथे होते. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली तुमच्या भागासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) राहतात. चौथा भाग तुम्ही मागणी केली तरच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो, आणि ही मागणी नमुना घेतानाच करायची असते. बहुतेक जण सही करून मोकळे होतात, मागणी करत नाहीत, आणि नंतर सरकारी अहवालासमोर ठेवायला हातात काहीच उरत नाही. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यावा असं कलम ४६ म्हणतं. तो विरोधात आला तर प्रत हाती पडल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे फॉर्म आठमध्ये अपील करा आणि केळीचा नमुना फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवायची मागणी घाला. अहवाल पंधराव्या-विसाव्या दिवशी आला एवढ्यावर सुटू, असं धरून बसू नका.

माहिती अधिकाराचाही उपयोग करा. केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज साधारण ५०० शब्दांत बसवायचा असतो. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. मागायच्या गोष्टी : राजपत्राचा दिनांक आणि क्रमांक, मसुदा प्रसिद्ध झाल्याचा दिनांक, आलेल्या हरकतींची टिपणी, आणि नोटिशीवर सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा आदेश. या शेवटच्या कागदात अनेकदा चूक सापडते. विनियम सभागृहापुढे ठेवला नव्हता असं मात्र आढळलं, तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. अ‍ॅटलस सायकल प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी चूक कायदा रद्द करण्याइतकी मोठी मानली नाही.

प्रश्न : डाळ मिलसाठी बोअर आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी का घेतली नाही, अशी विचारणा आली. पाणी तर राज्याचा विषय ना?

पाणी राज्यसूचीत आहे, नोंद १७, हे खरं. पण केंद्रीय भूजल प्राधिकरण पाण्यावरच्या कायद्यातून आलेलं नाही. ते पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ च्या कलम ३(३) खाली उभं आहे, आणि डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच सरकारला तसं प्राधिकरण नेमायला सांगितलं. जानेवारी १९९७ मध्ये ते नेमलं गेलं. पर्यावरण अधिनियमाला घटनेच्या अनुच्छेद २५३ चा, म्हणजे आंतरराष्ट्रीय ठराव अमलात आणण्याच्या अधिकाराचा आधार आहे. राज्यसूची दाखवून तो पाडणं जवळपास अशक्य आहे. रावेर-यावलकडे पाणी किती खोल गेलंय हे आपण डोळ्यांनी बघतो. अशा ठिकाणी न्यायालयाची सहानुभूती कुणाकडे असेल, हेही लक्षात घ्या.

तुमचं उत्तर याहून सोपं असू शकतं. सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत शेती, घरगुती वापर आणि दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी पाणी उपसणारे सूक्ष्म व लघु उद्योग यांना परवानगीतून सूट आहे. १० घनमीटर म्हणजे १०,००० लिटर, एक मोठा टँकर. डाळ मिलला बहुधा एवढं लागत नाही. बोअरच्या नळावर मीटर बसवा, महिनाभर रोजचा आकडा वहीत लिहा, उद्यम नोंदणीची प्रत जोडा आणि उत्तर पाठवा. मीटरच नसेल तर ‘कमी उपसतो’ हे सांगणं तोंडाची वाफ ठरतं.

प्रश्न : धुळ्यात अवधान एमआयडीसीत आमचा तेलाचा कारखाना आहे. प्रदूषण मंडळानं ‘पर्यावरणीय नुकसानभरपाई’ मागितली. दंड करायचा अधिकार न्यायालयाचा, मंडळाचा कसा?

हा प्रश्न बरीच वर्षं खुला होता. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी या प्रकरणात उत्तर दिलं. जल अधिनियमाचं कलम ३३ए आणि वायू अधिनियमाचं कलम ३१ए यांखाली मंडळ नुकसानभरपाई मागू शकतं, प्रत्यक्ष नुकसान होण्याआधी खबरदारी म्हणून सुद्धा. ही भरपाई आहे, गुन्ह्याची शिक्षा नाही, म्हणून ती मागायला फौजदारी न्यायालय लागत नाही. मात्र एक अट घातली : भरपाई कशी ठरवायची याची तत्त्वं आणि सुनावणीची पद्धत नियमांत लिहिली गेल्यावरच हा अधिकार वापरायचा. तुमच्या नोटिशीवर पहिला प्रश्न हाच विचारा : कोणत्या नियमाखाली, कोणत्या पद्धतीनं?

दुसरं, हिशेब तपासा. केंद्रीय मंडळाचं सूत्र पाच आकड्यांच्या गुणाकाराचं आहे : प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणांक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण. निर्देशांक उद्योगाच्या प्रदूषणावरून ठरलेल्या रंगाप्रमाणे : लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. रुपयांचा गुणांक १०० ते ५०० मध्ये, सुचवलेला २५०. आकार लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरासाठी ठिकाणाचा गुणांक १. म्हणजे नारिंगी वर्गातला लघु उद्योग, ३० दिवस : ५० × ३० × २५० × ०.५ × १ = १,८७,५०० रुपये. दिवसाला किमान ५,००० रुपये ही खालची मर्यादा आहेच.

या सगळ्यात घोळ होतो तो दिवसांच्या आकड्यात. उल्लंघन आढळल्याच्या तारखेपासून दुरुस्ती झाल्याची मंडळ खात्री करेपर्यंतचे दिवस धरले जातात. गाळ काढला, ब्लोअर बदलला, सांडपाण्याचा नमुना मर्यादेत आला, पण मंडळाला कळवलंच नाही, तर मीटर चालूच राहतो. दुरुस्ती झाली त्याच दिवशी ईमेल करा. सोबत फोटो, बिल, प्रयोगशाळेचा अहवाल. उद्योगाचा वर्ग आणि आकार मंडळानं कुठून घेतला तेही बघा. जुन्या संमतिपत्रावरून ‘मध्यम’ धरलेला लघु उद्योग दुप्पट भरतो.

जल अधिनियमाच्या कलम ३३ए खालच्या आदेशावर अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे, ३० दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होतो, त्यापुढे नाही. मात्र कायद्याची किंवा नियमाची वैधता हरित न्यायाधिकरण ठरवत नाही. आणि हरित न्यायाधिकरण असलं म्हणून उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालचा, म्हणजे थेट याचिका ऐकण्याचा, अधिकार गेला असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

प्रश्न : रेरानं माझ्या बाजूनं, पैसे परत करायचा आदेश दिला. बिल्डर म्हणतो, रेराविरुद्ध घटनात्मक याचिका आहेत, आदेश लागू होत नाही.

दिशाभूल आहे, थांबू नका. मुंबई उच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात रेरा कायदा वैध ठरवला. अपिलीय न्यायाधिकरणाच्या न्यायिक सदस्याच्या पात्रतेतला एक तुकडा तेवढा रद्द केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अपिलाआधी रक्कम भरायची अटही कायम ठेवली. म्हणजे परताव्याच्या आदेशावर बिल्डरला अपील करायचं तर व्याज आणि भरपाईसकट सगळी रक्कम आधी जमा करावी लागते. अपिलाची मुदत ६० दिवस. स्थगितीचा आदेश दाखव म्हणा. तो नसेल तर कलम ४०(१) खाली वसुलीसाठी अर्ज करा. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तहसील कार्यालयात पाठपुरावा मात्र तुम्हालाच करावा लागेल, आणि बिल्डरच्या मालमत्तेचे सातबारा उतारे तुम्हीच पुरवलेत तर काम लवकर हलतं.

प्रश्न : चोपड्यात कापूस लावतो. जनुकीय बियाण्याची परवानगी देणारी समितीच कोर्टानं रद्द केली, आता तणनाशक सहन करणारं बी कायदेशीर झालं, असं विक्रेता सांगतो.

नाही. २३ जुलै २०२४ चा निकाल मोहरीबद्दल होता. दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं : न्या. नागरत्ना यांनी मोहरीची मंजुरी रद्द धरली, न्या. करोल यांनी वैध. प्रकरण मोठ्या पीठाकडे जायचं ठरलं. समिती १९८९ च्या नियमांखाली आहे आणि ती रद्द झालेली नाही. समजा, उद्या झालीच, तरी त्यामुळे मंजुरी नसलेलं बी मंजूर होत नाही. उलट मंजुरी द्यायला कुणी उरत नाही. त्या बियाण्याचं पक्कं बिल मिळत नाही, पिशवीवर खरा टॅग नसतो. उगवण झाली नाही किंवा बोंडं लागली नाहीत तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? मंजूर वाण घ्या. बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न : अमेरिकेत सर्वोच्च न्यायालय अशा संस्थांचे अधिकार कापत आहे असं वाचलं. आपल्याकडे तो आधार घेता येईल?

फारसा नाही. जून २०२४ मध्ये तिथे पाठोपाठ दोन निकाल आले. जार्केसी प्रकरणात ठरलं की रोखे आयोगानं फसवणुकीबद्दल दंड मागायचा तर आरोपीला ज्युरीपुढच्या खटल्याचा हक्क आहे. लोपर ब्राइट प्रकरणात १९८४ पासूनचं शेव्हरॉन तत्त्व, म्हणजे संदिग्ध कायद्याचा संस्थेनं लावलेला वाजवी अर्थ न्यायालयानं मानायचा, हे मोडीत निघालं. आपल्या घटनेत ज्युरीचा हक्क नाही, आणि कायद्याचा अर्थ लावणं हे आपल्या न्यायालयांनी तसंही स्वतःकडेच ठेवलं आहे. सदस्याला पदावरून काढण्याचा तिथला मोठा वाद आपल्याकडे कायद्यातच सोडवलेला असतो. वीज आयोगाच्या सदस्याला गैरवर्तनासारख्या कारणावरून काढायचं तर आधी अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांची चौकशी व्हावी लागते.

आपल्याकडचा खरा झगडा न्यायाधिकरणांच्या स्वातंत्र्याचा आहे. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात सात न्यायमूर्तींनी सांगितलं की उच्च न्यायालयाचं पुनर्विलोकन कुठलाच कायदा काढून घेऊ शकत नाही. त्यानंतर मद्रास बार असोसिएशननं एकामागून एक प्रकरणं लढवली. २०१४ मध्ये राष्ट्रीय कर न्यायाधिकरण रद्द झालं. जुलै २०२१ मध्ये सदस्यांचा चार वर्षांचा कार्यकाळ आणि पन्नाशीची अट गेली. सरकारनं तेच पुन्हा कायद्यात घातलं, आणि १९ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायाधिकरण सुधारणा अधिनियम २०२१ मधल्या त्या तरतुदी पुन्हा रद्द झाल्या. इतक्या चिकाटीनं लढणारी संस्था होती म्हणून हे झालं. न्यायाधिकरणं मात्र चालूच आहेत आणि त्यांचे आदेशही लागू आहेत.

प्रश्न : साक्रीहून, अहिराणीत : ‘कोर्टमा जावानं का नही, इतलंच सांगा.’

भाऊ, जायचं, पण पुढचं जुळत असेल तर.

कायद्यात अपील दिलेलं असताना उच्च न्यायालय थेट याचिका सहसा घेत नाही. १९९८ च्या व्हर्लपूल निकालानं सांगितलेले अपवाद चार : मूलभूत हक्काचा भंग, बाजू न ऐकता दिलेला आदेश, अधिकारच नसताना दिलेला आदेश, आणि कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. आता या चौथ्या अपवादापायीच अनेक याचिकांत घटनात्मक मुद्दा ओढूनताणून घातला जातो. न्यायमूर्तींना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. अनुच्छेद १४ (समानता) आणि १९(१)(छ) (व्यवसायाचं स्वातंत्र्य) यांचं नाव घेऊन भागत नाही. कोणतं कलम, कोणत्या शब्दांमुळे, तुमच्या कोणत्या हक्काला कसं बाधतं, हे मांडावं लागतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी खंडपीठ औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. नियामकाचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी नोटिशीचा परिणाम तुमच्या गावात झाला असेल, तर अनुच्छेद २२६(२) प्रमाणे इथे दाद मागता येते. मात्र नोटीस, आदेश, दंड असं काहीतरी घडलेलं हवं. नुसता कायदा पटत नाही म्हणून याचिका चालत नाही, हे २००४ च्या कुसुम इंगॉट्स निकालात आहे. त्याच निकालाचा एक फायदाही आहे : केंद्राचा कायदा दुसऱ्या एखाद्या उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला असेल, तर तो निकाल तुमच्या वकिलाला इथे दाखवता येतो. म्हणून आधी शोध घ्या, नंतर मसुदा.

वैधतेचा मुद्दा दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जातो. केंद्राचा कायदा असेल तर अ‍ॅटर्नी जनरल, राज्याचा असेल तर महाधिवक्ता यांना नोटीस द्यायला विसरू नका. ती राहिली म्हणून तारखा पुढे जातात. प्रार्थना तीन पायऱ्यांत मागा. पहिली, अमुक कलम घटनाबाह्य ठरवावं. दुसरी, ते शक्य नसेल तर त्याचा मर्यादित अर्थ लावावा. तिसरी, काहीही असलं तरी माझ्याविरुद्धचा आदेश अमुक दोषांमुळे रद्द करावा. निर्णय बहुधा तिसऱ्या पायरीवर होतो, आणि ज्यांनी ती लिहिलेलीच नसते ते हात हलवत परत येतात. कायद्याला अंतरिम स्थगिती मिळणं दुर्मिळ आहे. तुमच्यापुरती सक्तीची कारवाई थांबवा, अशी मागणी करा.

याचिकेला ठरलेली मुदत नसली तरी अपिलाला असते. अपिलाची कमाल मुदत उलटू दिली आणि मग खंडपीठात गेलात, तर २०२० च्या ग्लॅक्सो निकालाकडे बोट दाखवून परत पाठवतात. म्हणून अपील मुदतीत दाखल करा, घटनात्मक मुद्दा त्यात ‘हक्क राखून’ लिहा, आणि याचिकेचा विचार त्यानंतर करा. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट फेकू नका. मुदत कधीपासून मोजायची ते दाखवायला त्यावरचा टपालाचा शिक्का पुरावा म्हणून कामी येतो.